हिमनदीच्या काठावरचा नवस

धर्मग्रामांकडून रोमला जाणाऱ्या विनंत्या नाना परींच्या असतात. परंतु २००९ साली स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातील फीश आणि फीशरटाल या दोन डोंगरी गावांच्या कॅथलिक भाविकांनी जी विनंती केली, तिच्या तोडीची दुसरी शोधू जाता सापडणे कठीण. आपल्या पूर्वजांनी १६७८ साली केलेला एक नवस त्यांना बदलून हवा होता. नवस फळला नाही, अशी त्यांची तक्रार नव्हती. तो नको इतका फळला होता, हीच अडचण होती.

बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत पाहिलेल्या आपल्या किनारपट्टीच्या वाचकांना हा नवस समजण्यासाठी आधी हिमनदी म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. उंच डोंगरावर हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पुरते वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे पडते, त्यावर त्याच्या पुढचे. वरच्या भाराने खालचे हिम दबते, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा निळसर, कठीण बर्फ होतो. हा बर्फ स्थिर नसतो. आपल्याच वजनाने तो उतारावरून सरकत राहतो. फीश गावाच्या वरच्या डोंगरांत पसरलेली आलेच ही आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी हिमनदी. तिची लांबी आजही सुमारे २० किलोमीटर आहे. तीन-चार हिमप्रवाहांचा संगम होतो त्या कोनकोर्डिया नावाच्या पठारावर तिची जाडी सुमारे ८०० मीटर भरते आणि वर्षाला दोनशे मीटरपर्यंत ती पुढे सरकते. खालच्या टोकाशी ती वितळते आणि पाणी होऊन घळींतून, धबधब्यांतून खाली धावते. वरून येणारा बर्फ वितळणाऱ्या बर्फापेक्षा जास्त झाला की नदीचे टोक पुढे येते. कमी झाला की मागे हटते. हा साधा जमाखर्च आहे. पण त्याच्या खालच्या अंगाला ज्यांची शेते असतात, त्यांना तो साधा वाटत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात थंडीचा कडाका होता. इतिहासकार त्या काळाला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात. हिवाळे लांबत, पिके हातची जात आणि आल्प्समधील हिमनद्या दऱ्यांत उतरत. फ्रान्सच्या शामोनी खोऱ्यात, जे त्या वेळी साव्हॉय संस्थानात होते, १६०० नंतरच्या काही वर्षांत हिमनद्यांनी वाड्या आणि शेते गिळली. ग्रामस्थांनी दोन ठिकाणी अर्ज केले. एक सरकारदरबारी: जमीनच उरली नाही, तर सारा कसला भरायचा? दुसरा धर्मपीठाकडे: देव आमच्या पापांची शिक्षा देत आहे, महागुरूंनी येऊन या बर्फाला थोपवावे.

१६४४ साली बिशप शार्ल द सेल्स शामोनीला आले. सुमारे तीनशे माणसांची मिरवणूक लेबोआ या वाडीपर्यंत गेली. आज ‘मेर द ग्लास’, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’, या नावाने प्रसिद्ध असलेल्या हिमनदीचे टोक तेव्हा या वाडीच्या अंगणात येऊन ठेपले होते. बिशपनी विधिपूर्वक आशीर्वाद दिला. तसाच तो त्या खोऱ्यातील इतर हिमनद्यांपाशीही दिला. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण पावसासाठी, उघडिपीसाठी, वादळापासून रक्षणासाठी मिरवणुका काढण्याचे विधी १६१४ च्या रोमन विधिग्रंथात होतेच. स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस शेतांतून फिरून पिकांसाठी प्रार्थना करण्याची रीत तर त्याहूनही कितीतरी जुनी. शामोनीत शेताच्या बांधाची जागा बर्फाच्या कड्याने घेतली, एवढाच फरक. त्यानंतरच्या वर्षांत हिमनद्या हळूहळू मागे हटल्या. मात्र १६६३ च्या सुमारास बर्फाखालून मोकळी झालेली जमीन इतकी नापीक निघाली, की तिच्यावर गवताचे पातेही उगवेना. आशीर्वादाच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळू नये.

हे बिशप शार्ल म्हणजे संत फ्रान्सिस द सेल्स यांचे पुतणे. काका जिनिव्हाचे बिशप. पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती गेल्याने आनसी येथे राहून कारभार करणारे. १६०६ साली तेही आपल्या धर्मप्रांतातील या आडवळणी खोऱ्यात, शामोनीला, आले होते. तेव्हा हिमनद्या नुकत्याच वाड्यांवर चालून आल्या होत्या. लेखक आणि पत्रकार यांचे पालक संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. बर्फाखाली घरे गेलेल्या प्रजेचे मेंढपाळ म्हणून फारसे ओळखत नाही. येथे थोडे विषयांतर होईल, पण ते आपल्या जवळचे आहे. याच आनसीला १८३८ साली फादर पीटर मेर्मिये यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापला. १८४६ साली या संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणम येथे उतरले आणि पुढे त्यांचे कार्य नागपूर-विदर्भापर्यंत पोहोचले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. नागपूरचे कथीड्रल आजही याच संताच्या नावाने उभे आहे. वैशाखातल्या नागपुरात घोड्यावरून किंवा बैलगाडीने हिंडणाऱ्या त्या सुरुवातीच्या धर्मगुरूंपैकी अनेकांचे बालपण साव्हॉयच्या बर्फाळ डोंगरांत गेले होते, हे आपल्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते.

आता पुन्हा वालेकडे वळू. फीश आणि फीशरटालच्या लोकांचे भय शामोनीकरांपेक्षा थोडे वेगळे होते. आलेच हिमनदीच्या कडेला, बर्फाने अडवलेल्या पाण्याचा मेर्येलेन नावाचा तलाव होता. बर्फाचा बांध फुटला की तलाव एका झटक्यात रिकामा होई आणि खालच्या खोऱ्यांत पूर येई. म्हणून १६७८ साली गावांनी नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, प्रार्थना करू; देवा, हिमनदीला वाढू देऊ नकोस. तरीही १८५९-६० च्या सुमारास आलेच हिमनदीने आपला त्या काळातील सर्वांत मोठा विस्तार गाठला. १८६२ पासून गावांनी नवसाला वार्षिक मिरवणुकीची जोड दिली. संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाला, म्हणजे ३१ जुलैला, पहाटे लोक निघत आणि अर्नेन गावाजवळच्या रानातील मारियामातेच्या चॅपेलपर्यंत प्रार्थना करीत चालत जात. इतिहासाची गंमत अशी, की मिरवणूक सुरू झाली ती नेमकी हिमनदी मागे हटू लागण्याच्या वेळी.

ज्या वाटेने शेतकरी भयाने चालले त्याच वाटेने पुढे लोक हौसेने चालू लागले. १७४१ साली विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज काही सोबत्यांसह जिनिव्हाहून शामोनीला गेले आणि मोंतांव्हेर नावाच्या टेकडीवर चढून बर्फावर उतरले. दरोडेखोरांच्या भीतीने त्यांनी बरोबर शस्त्रे घेतली होती. गावात त्यांना भेटले ते आपल्या कामात गुंतलेले शेतकरी. वादळात गोठून गेलेल्या सरोवराची उपमा विंडहॅम यांनी दिली आणि तिच्यातूनच ‘बर्फाचा समुद्र’ हे नाव रूढ झाले. हा पोकॉकही पुढे आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चचा बिशप झाला. शंभर वर्षांपूर्वी एक बिशप त्या बर्फाला थांबवायला आले होते; हा भावी बिशप तो बघायला आला होता.

आपले धर्मगुरूही या वाटांवर मागे नव्हते. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील धर्मशाळेचे संन्यस्त लोरां-जोसेफ म्युरिथ हे वनस्पतींचे जाणकार. १७७९ साली त्यांनी मों व्हेलां हे शिखर प्रथम सर केले. त्यांच्याहूनही मला अधिक जवळचे वाटतात ते डिझेंटिस मठाचे बेनेडिक्टाइन संन्यासी प्लासिदुस आ स्पेशा. शेतकऱ्याचा हा मुलगा झग्याचा घोळ खोचून एकामागून एक डोंगर चढला. १७८९ साली ऱ्हाइनवाल्डहॉर्नच्या माथ्यावर तो पोहोचला. स्फटिक गोळा केले, नकाशे काढले, टिपणे लिहिली. १७९९ साली फ्रेंच सैन्याने मठ जाळला आणि त्याचे बरेचसे काम आगीत गेले. तोडी नावाच्या शिखराची मात्र त्याला आयुष्यभर हुलकावणी मिळाली. १८२४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याने शेवटचा प्रयत्न केला. पाय चालेनात, तेव्हा त्याने आपल्याबरोबरच्या दोन शिकाऱ्यांना पुढे पाठवले आणि स्वतः खालच्या खिंडीत बसून त्यांना माथ्यावर पोहोचताना पाहिले. मठातील वरिष्ठांना त्याच्या या भटकंतीचे फारसे कौतुक नव्हते. वरिष्ठांना नसतेच. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव आकिले रात्ती यांचे. हे मिलानचे धर्मगुरू १८८९ साली मोंते रोझा चढले, १८९० साली मों ब्लां. १९२२ साली तेच पोप अकरावे पायस झाले. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, त्यांनी मेंथोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांना लेखकांचे पालक म्हणून घोषित केले.

हिमनदीचे शास्त्रही प्रथम पायी चालणाऱ्यांनाच उमगले. वालेमधील बान्य खोऱ्यात १८१८ साली झिएत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फाने नदी अडली आणि मोठा तलाव तयार झाला. प्रांताचे अभियंता इग्नात्स व्हेनेत्स यांनी बर्फाच्या बांधातून बोगदा खणवून पाणी हळूहळू काढायला सुरुवात केली. काही पाणी निघून गेलेही. परंतु १६ जून रोजी बांध फुटला आणि सुमारे चाळीस माणसे वाहून गेली. बोगदा नसता तर आकडा किती झाला असता, याची कल्पना करवत नाही. याच खोऱ्यातील लूर्तिये गावी झां-पिएर पेरोदां नावाचा एक शिकारी राहत असे. हिमनदीपासून कोसभर खाली पडलेले अवाढव्य खडक आणि खडकांवरचे ओरखडे पाहून त्याची खात्री झाली होती, की एके काळी हे सगळे खोरेच बर्फाने भरलेले होते. १८१५ साली त्याने हे झां द शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितले. शार्पांतिएला ते पटले नाही. व्हेनेत्सला मात्र हळूहळू पटले; व्हेनेत्सने शार्पांतिएला पटवले, शार्पांतिएने लुई अगासी यांना, आणि अगासींनी १८३७ साली न्यूशातेल येथील विद्वानांच्या सभेत हिमयुगाचा सिद्धान्त मांडला. कीर्ती अगासींची झाली. डोळे शिकाऱ्याचे होते.

पुढचा काळ हौशी पर्यटकांचा. १८६३ साली टॉमस कुक यांनी आपली पहिली स्वित्झर्लंड सहल नेली आणि बर्फापर्यंतची एका दिवसाची पायपीट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सकाळी निघावे, दुपारी बर्फाच्या काठी शिदोरी सोडावी, संध्याकाळच्या घंटेला गावात परत यावे. पण हे चालणे ऋतूच्या तंत्रानेच करावे लागते. जूनमध्ये वरच्या वाटांवर अजून हिम असते आणि बर्फातल्या भेगांवर त्या हिमाचे फसवे पूल पडलेले असतात. वाटाड्या दोर लावल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. रात्रीच्या गारव्याने वितळणे मंदावते, म्हणून सकाळी जो ओढा दगडांवरून पाय टाकत ओलांडता येतो, तोच दुपारनंतर कमरेइतका होतो. हे पाणी नितळ नसते. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने ते दुधट झालेले असते. लाउटरब्रुनन खोऱ्यातील श्टाउबबाख हा धबधबा जवळजवळ ३०० मीटर उंचीच्या कड्यावरून पडतो. वसंतात हिम वितळताना तो गर्जत असतो. शरदात त्याची धार इतकी बारीक होते, की वाऱ्याने वाटेतच तिची धूळ व्हावी, आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘धुळीचा ओढा’ असाच आहे. १७७९ च्या ऑक्टोबरात गटे तेथे आला आणि माणसाचा आत्मा व पाणी यांच्यावरची त्याची प्रसिद्ध कविता या धबधब्यामुळे जन्मली. त्याच खोऱ्यात ट्रुमेलबाख नावाचे दहा धबधबे डोंगराच्या पोटात दडलेले आहेत. आयगर, म्यॉन्ख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचे पाणी ते वाहून आणतात. भर उन्हाळ्यात सेकंदाला २० हजार लिटरपर्यंत. कातळात उभे राहून तो आवाज ऐकला की माणूस बोलायचे थांबतो.

आज या वाटा लांबल्या आहेत. डोंगर तेवढाच आहे, बर्फ दूर गेला आहे. कोनकोर्डिया पठारावर १८७७ साली गिर्यारोहकांसाठी खोपी बांधली, तेव्हा ती बर्फापासून सुमारे पन्नास मीटर उंचीवर होती. आता बर्फ इतका खाली बसला आहे, की खोपीपर्यंत पोहोचायला कड्याला लावलेल्या साडेचारशेहून अधिक लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. मोंतांव्हेरला १९०९ पासून दात्यांच्या रुळांची आगगाडी जाते. तिच्या स्थानकावरून प्रवासी एके काळी थोडे उतरून बर्फावर पाय ठेवीत. पुढे पाळणा आणि त्याखाली पाचशेहून अधिक पायऱ्या लागू लागल्या, आणि २०२४ साली वरच्या अंगाला नवा पाळणाच बांधावा लागला. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ साली आपल्या घनफळाचा सहा टक्के आणि २०२३ साली चार टक्के बर्फ गमावला. आलेच हिमनदीचे टोक १८६० नंतर तीन किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे.

हेच फीश आणि फीशरटालच्या लोकांना दिसत होते. ते शास्त्रज्ञ नव्हते; पण दरवर्षी एकाच दिवशी, एकाच प्रयोजनाने चालणाऱ्याच्या नजरेतून बदल सुटत नाही. ज्या बर्फापासून रक्षण मागायचे तोच आता आटत होता, आणि उन्हाळ्यात रानाला व शेताला पाणी मिळते ते याच बर्फाचे. ओठांवरची प्रार्थना आणि मनातली चिंता एकमेकींच्या विरुद्ध झाल्या. नवसाला रोमची मान्यता होती, म्हणून तो बदलायलाही रोमचीच अनुज्ञा हवी होती. २००९ साली विनंती गेली. २०१० साली, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकीर्दीत, होकार आला. तेव्हापासून हिमनदी वाढू नये म्हणून नव्हे, तर ती वितळून जाऊ नये म्हणून हे लोक प्रार्थना करतात. सण तोच, मिरवणूक तीच, विनवणी उलटी.

या बातमीवर तेव्हा जगभर पुष्कळ विनोद झाले. देव बिचारा गोंधळला असेल, असेही म्हटले गेले. मला त्यात विनोदापेक्षा वेगळे काही दिसते. १६४४ चे शामोनीकर आणि १६७८ चे फीशकर बर्फाचा संबंध आपल्या आचरणाशी जोडत होते. अठराव्या शतकापासून सुशिक्षितांनी त्यांना त्याबद्दल अडाणी ठरवले. वस्तुस्थितीपुरते बोलायचे तर सुशिक्षितांचे बरोबर होते. शामोनीच्या शेतकऱ्याच्या पापाने त्या शतकातला एक चमचाभर बर्फही वाढला नव्हता. पण आज तेच शास्त्र सांगते, की बर्फ वितळतो आहे तो माणसाच्या आचरणाने: आपण जाळलेल्या कोळशाने, तेलाने, आपल्या गिरण्यांनी आणि गाड्यांनी. म्हणजे नवसाचे पहिले कलम, ‘आम्ही नीट वागू’, हे जे केवळ भाबडे समजले गेले, तेच आता हिशेबात धरावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पर्यावरणाच्या ऱ्हासाला पाप म्हणायला संकोच केला नाही, तेव्हा ते या डोंगरी लोकांच्याच भाषेत बोलत होते.

तरीही येथे फार जपून बोलावे लागते. २८ मे २०२५ रोजी याच वाले प्रांतातील लोएचेनटाल खोऱ्यात बिर्च हिमनदी कड्याच्या दगडमातीसह कोसळली आणि ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग, चर्चसकट, तिच्याखाली गाडला गेला. धोका ओळखून सुमारे तीनशे रहिवाशांना आणि त्यांच्या गुराढोरांना आधीच हलवले होते. तरी एक जीव गेला. या गावाने कोणाचे वाईट केले होते? शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला, ते यरुशलेमच्या इतर लोकांपेक्षा अधिक पापी होते काय, हा प्रभूने विचारलेला प्रश्न प्रत्येक धर्मगुरूने अशा वेळी प्रवचनाला उभे राहण्यापूर्वी स्वतःला विचारावा. धूर एकाच्या घरात निघतो आणि छप्पर दुसऱ्याचे कोसळते. जुन्या नवसात गाव स्वतःच्या पापांसाठी स्वतः प्रायश्चित्त घेत असे. आता ज्यांनी प्रायश्चित्त घ्यावे त्यांतले बहुतेक जण त्या गावापासून हजारो मैलांवर राहतात, आणि त्यांत आपणही आहोत.

२२ सप्टेंबर २०१९ रोजी पूर्व स्वित्झर्लंडमधील पिझोल हिमनदीपाशी दोनशेहून अधिक माणसे काळी वस्त्रे घालून चढून गेली. बर्फाचे काही तुकडेच तेथे उरले होते आणि शास्त्रज्ञांनी ती हिमनदी संपल्याचे जाहीर केले होते. बरोबर एक धर्मगुरू होता. त्याने तेथे अंत्यविधीला शोभणारे शब्द उच्चारले. बर्फाच्या काठापर्यंत धर्मगुरूला नेण्याची रीत १६४४ पासून २०१९ पर्यंत टिकली. निरोप मात्र बदलला.

आलेच हिमनदीच्या काठाला एक रान आहे. १९३३ पासून ते राखीव आहे. रीडराल्पहून निघालेली वाट त्यातून उतरते, आणि ऑक्टोबरात सूचिपर्णी लार्चची पाने सोनेरी झाली की ती वाट चालायला सर्वांत चांगली. उतरताना एके ठिकाणी जंगल एकदम बदलते. खाली कोवळी, विरळ झाडे: १८६० नंतर बर्फाने मोकळ्या केलेल्या जमिनीवर उगवलेली. वर वाकडीतिकडी, विजेने फाटलेली आरोला पाइनची जुनी झाडे. त्यांतली काही सहाशे, काही नऊशे वर्षांची सांगतात. नवस बोलला गेला तेव्हा ती उभी होती.